डाव्या हाताचं खुरपं

त्या दिशी बागंत आमी पाच जनं हुतो. मी, माझी सून, तिची पोरगी म्हंजी माझी नात, अन् ज्यांची बाग ते रिटायर मास्तर आनि त्यांची बायको. बेलापूरच्या अलीकडं त्यांचा मळा हाय. हे मी सांगतीया अन् नात लिहून घेतीया. मला सहीपुरतंच येतं.

नातीला झाडांचं लई याड. मोबाईलवर लोकांच्या बागा बघत बसती. म्हनली, "आजी चल, तुला शेवंती दावते." मी म्हनलं, "शेवंती काय बघायची, जल्मभर तीच तोडली." पर गेले. गुडघं दुखत हुतं, तरी गेले.

बाग खरंच चांगली. बांधाला पारिजातक, आत देशी गुलाब, अन् पिवळ्या शेवंतीचे वाफे. एका बी वाफ्यात गवताची काडी न्हाई. मला आधी ते दिसतं, फुलं मागनं. खुरपून खुरपून नजरच तशी झाली.

पडवीत भिंतीवर जुनी अवजारं टांगल्याली. मोटंचा नाडा, पाभर, कुदळी, एक पितळंची झारी. परत्येकाखाली चिठ्ठी. सून म्हनली, "आत्याबाई, हे समदं आपल्याकडं हुतं. ठिवलं असतं तर आपल्या घरी बी मान्सं बघाया आली असती."

"अन् त्यास्नी चहा कुनी केला असता?" मी म्हनलं. मास्तरीन बाई हसल्या.

मंग मला ते खुरपं दिसलं. नातीनं खालची चिठ्ठी वाचली, "मोडके खुरपे."

ते मोडकं न्हवतं. आपल्या खुरप्याचं पातं डावीकडं वळल्यालं असतं. ह्याचं उजवीकडं. डावऱ्या बाईचं खुरपं हुतं ते. मी तिथंच भिंतीला हात लावून हुबी ऱ्हायले.

माझी सासू डावरी हुती. तिचं खुरपं तिनं लोहाराकडनं करून घेतल्यालं. लोहार म्हनला हुता, "डावं खुरपं मी करत न्हाई, चांगलं नसतं." ती त्याच्या भात्याम्होरं बसून ऱ्हायली. म्हनली, "मंग तू ये माझ्या वाफ्यात उजव्या हातानं खुरपायला." केलं त्यानं. पुढं मूठ चिरली तर तिनं तिला तांब्याची तार गुंडाळली. आमाला म्हनायची, "तुमी उजव्या हाताच्या बाया गवत काढत न्हाई, गवताला गुदगुल्या करता."

सोनईच्या शिवारात आमचं घर. माझा मालक लवकर गेला. मी दुसऱ्याच्या रानात खुरपनीला जायची, सासू पोरं संभाळायची. मोरीच्या पान्यावर तिनं घरामागं शेवंतीचा वाफा केल्याला. ती फुलं देवाला अन् गल्लीतल्या समद्या बायांच्या डोक्यात. तेवढीच तिची हौस.

मंग दुष्काळ पडला. मोरीला पानी कुठलं, प्यायलाच न्हवतं. वाफा वाळून गेला. टँकर यायचा अन् भांडी कमी पडायची. सासू लेकीकडं गेल्याली, त्याच टायमाला भंगारवाला आला. लोखंडावर प्लॅस्टिकची बादली देत हुता. मी तुटका फाळ आनला, पत्रा आनला. तो म्हनला, "मावशी, अजून थोडं घाला." मी माळ्यावरनं सासूचं खुरपं काढलं. वाटलं, वाफा तर ऱ्हायला न्हाई, अन् ह्या खुरप्यानं घरात दुसरं कोन खुरपनार. घातलं त्याच्या गाड्यावर. बादली हिरवी हुती.

म्होरल्या वर्सी पानी झालं. सासू शेवंतीच्या काड्या मागून घिऊन आली अन् खुरपं हुडकाया लागली. मला इचारलं. मी म्हनलं, "मला न्हाई म्हाईत. हारवलं आसंल."

तवा खरं बोलले असते तर ती दोन शिव्या देती अन् झालं असतं.

तिनं माझं खुरपं डाव्या हातात धरून बघितलं. उलटं पडत हुतं, बोट कापलं. मंग बोटांनीच गवत उपटायची. आठ-पंधरा दिवसांनी ते बी सोडलं. वाफ्यात हराळी माजली.

खंडेनवमीला आमच्यात अवजारं धुवून पाटावर मांडत्यात, हळदकुकू वाहत्यात. तिनं समदी मांडली, विळा, कुऱ्हाड, माझं खुरपं. अन् मधी एक जागा रिकामी ठिवली. त्या रिकाम्या जागंला बी हळदकुकू लावलं, झेंडूचं फूल ठिवलं. मी बघत हुते. हरसाल तसंच, ती जाईपत्तर.

तिला ठावं हुतं का? मला वाटतं, हुतं. त्या हिरव्या बादलीला तिनं कधी हात लावला न्हाई. तहान लागली तरी दुसऱ्या भांड्यातलं घ्यायची. बादली वर्सभरात तडकली.

"मास्तर, ते मला जरा हातात द्या," मी म्हनलं. त्यांनी काढून दिलं. मी मूठ फिरवून फिरवून बघितली. तार न्हवती, चीर बी न्हवती. ते आमचं न्हवतं. दुसऱ्याच कुना डावऱ्या बाईचं.

"आजी, तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा," मास्तर म्हनले. "आम्हाला वाटलं, वाकडं झालंय म्हणून कुणीतरी टाकून दिलं."

"नगं," मी म्हनलं. "तिच्या घरचं कोनी यील बघाया. पर ती चिठ्ठी तेवढी बदला."

त्यांनी तिथंच नवी लिहिली. नातीनं वाचून दावली, "डाव्या हाताचे खुरपे." सून म्हनली, "आत्याबाई, तुमी हे आमाला कधीच सांगितलं न्हाई." मी म्हनलं, "जिला सांगायचं तिलाच सांगितलं न्हाई."

भंगारात गेल्यालं लोखंड वितळून जातं, मला म्हाईत हाय. तरी ह्यो कागद वाचनाऱ्यानं एवढं करावं. कुनाच्या घरी, कुनाच्या भिंतीवर, मुठीला तांब्याची तार गुंडाळल्यालं डावं खुरपं दिसलं, तर खंडेनवमीला त्याला हळदकुकू लावा.