आईसाठी भरलेली बॅग

“दार उघड! मी आले गं!” माझी फिलिपिनो हाऊसमेट वेस्टमीडच्या आमच्या फ्लॅटबाहेर अशी ओरडली, की समोरच्या हॉस्पिटलातले कोमातले पेशंटही उठून बसले असतील.

लॉकडाऊनमध्ये ही आली कुठून? मनिलाचं विमान पुन्हा रद्द झालं, म्हणून आईसाठी भरलेली बॅग ओढत बाई नुसती इमारतीला फेरी मारून आली होती. प्रवासातून परतणाऱ्यानं घरच्यांसाठी खाऊ आणायचाच, ही त्यांच्याकडची रीत.

तिनं बॅग रिकामी करून टेबलावर चॉकलेटांचा हिमालय रचला. वर्षभरात आमची बेल फक्त पिझ्झावाल्यानं वाजवली होती, त्यामुळे मी त्या खाऊवर तुटूनच पडले. तिसरं चॉकलेट सोलताना माझं लक्ष रिकाम्या बॅगेकडे गेलं.

“अगं, आईला काय नेशील मग?”

“आधी विमान तर उडू दे.”