सहाव्या पॉइंटची नोंद

उखाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या साइटची यादी करत होते. रॉड पंधरा, अँकर चार, ग्रीसचा डबा, पाण्याचा जग. त्यांची सून डिंडोलीतल्या एसटीडी बूथवरून बोलत होती. "ताई, दादा गेले. उद्या दहाला नेणार आहेत." बरं म्हणून मी फोन ठेवला आणि ग्रीसच्या डब्याखाली लिहिलं : डिंडोली, नऊ वाजता. कुठे लिहिलं, ते लिहून झाल्यावर दिसलं... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. तो कागद मी फाडलेला नाही.

आमचं काम माती तपासण्याचं. इमारत बांधायच्या आधी जागेवर चार अँकर जमिनीत पिळून बसवायचे, त्यांना मशीन जखडायचं आणि टोकाला पोलादी कोन लावलेला रॉड गिअरच्या जोरावर सरळ खाली दाबत न्यायचा. जमीन किती विरोध करते ते गेजवर दिसतं, आणि त्यावरून पाया किती खोल, किती रुंद ते ठरतं. उखाभाऊ मशीनवर, मी वहीवर. दर वीस सेंटिमीटरला ते आकडा बोलायचे, मी तो लिहीत लिहीत मोठ्याने परत म्हणायची आणि ते "हं" म्हणायचे. त्या 'हं'शिवाय रॉड पुढे जात नसे. ही पद्धत त्यांनीच घातलेली. मी धुळ्याहून डिप्लोमा करून सुरतेत आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "ताई, कागद काय बी ऐकून घेस. म्हनीसन बोलानं." शाळा चौथीपर्यंत झालेली, पण रॉडवर तळहात ठेवला की खाली काय आहे ते त्यांना कळायचं. वाळूत रॉड करकरतो, चिकणमातीत गप्प उतरतो. आमचे साहेब त्यांना चिडवायचे, "उखा, तू नाडी बघतोस की माती?" ते म्हणायचे, "साहेब, माती खोटं बोलत नही. नाडीनं माले माहीत नही."

ती जागा शहराच्या कडेला होती. लूम कामगारांसाठी तीन मजली इमारत व्हायची होती. सहा पॉइंट, दोन दिवस. पाच पॉइंट उत्तम निघाले. सहावा पूर्वेच्या कोपऱ्यात. एक मीटर ऐंशीला कोन अडला, अँकर वर उचलायला लागले. उखाभाऊंनी रॉडवर हात ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, हाई दगड नही, इट शे. भराव शे आठे. मशीन दोन पावलं सरकाडूत." बिल्डरचा माणूस छत्रीखालून माझ्या वहीकडे बोट करत म्हणाला, "बेन, त्यां तो नीचे पथ्थर ज छे, लखी नाखो." विटेखाली काय ते बघायला मशीन सरकवायचं म्हणजे चारही अँकर उपसून पुन्हा बसवायचे, दीड तास. चार वाजले होते, टेम्पो येऊन उभा होता आणि माझ्या यादीत दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बारडोलीची साइट होती. मी म्हटलं, "पाच चांगले आहेत ना, भाऊ." वहीत लिहिलं : कठीण थर, कोन पुढे जात नाही. टिक केली. मोठ्याने वाचलं. उखाभाऊ त्या दिवशी 'हं' म्हणाले नाहीत. खाली वाकून अँकर सोडवू लागले.

तिथे पूर्वी तलावडी होती. पडक्या घरांच्या विटा टाकून ती बुजवली होती आणि विटांच्या थराखाली सगळा गाळ होता. हे दुसऱ्या पावसाळ्यात कळलं. कोपरा खचला, भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली आणि एका दुपारी पहिल्या मजल्याची बाल्कनी खाली आली. रातपाळी करून तिथेच झोपलेल्या एका लूमवाल्याचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "सहाव्या पॉइंटला गेज कोण वाचत होतं?" मी म्हटलं, "उखाभाऊ वाचत होते." ते खरं होतं. त्यापुढचं वाक्यही खरं होतं, ते मी उच्चारलं नाही. उखाभाऊ माझ्याकडे बघत थांबले, मी पुढे काही बोलतेय का म्हणून... मग म्हणाले, "हं."

त्याच आठवड्यात त्यांना काढलं. ते एका डाइंग हाउसला बॉयलरवर लागले. तीन वर्षांत छाती गेली. या काळात मी त्यांना दोनदा भेटले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मुलीच्या शाळेचं विचारलं, कोसाडच्या नव्या साइटवर पाणी किती वर लागलं ते विचारलं. मी सांगितलं. यादीत नसलेलं काही सांगायची मला सवय नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

तेराव्यानंतर मी ती वही घेऊन त्यांच्या घरी गेले. हिराबाई, त्यांच्या पत्नी, भाजी निवडत होत्या. मी पान उघडून सगळं सांगितलं : काय अडलं, भाऊ काय म्हणाले, मी काय लिहिलं, केबिनमध्ये काय बोलले नाही. त्यांनी पान पाहिलं नाही. मग त्यांच्याकडूनच कळलं की उखाभाऊ दर रविवारी त्या पाय गेलेल्या माणसाकडे जात, त्याची दाढी करून देत. तुमचा काय संबंध, असं हिराबाई विचारत, तर ते दाढीचं सामान पिशवीत भरून निघत. त्या म्हणाल्या, "मंग इतला दिन काबर नही सांगं?" इतके दिवस का नाही, ते सांगण्याऐवजी मी वही मिटली. त्यांनी निवडलेली भाजी उचलली आणि आत गेल्या. चहा आला नाही, आणि ते योग्यच होतं.

साहेबांना मी लेखी दिलं आहे. आता इथेही लिहिलं. मशीनवर नवा ऑपरेटर आहे, चांगला आहे. तो आकडा बोलतो, मी परत म्हणते आणि थांबते. त्याला वाटतं मला ऐकू आलं नाही. तो पुन्हा मोठ्याने आकडा सांगतो. परवा त्याने विचारलं, "मॅडम, आगे लूं?" मी पेन वहीवर टेकवून उभीच होते.