त्या रेलवर रंधा मी मारला

आमच्या चिंचवडच्या घरात, खालच्या खोलीत, बिलियर्डचं एक टेबल आहे. त्याच्या एका लांब रेलवर मी रंधा मारला आणि दोष दुसऱ्याला दिला. नऊ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही.

रेल म्हणजे टेबलाची लाकडी कड. तिच्या आतल्या अंगाला रबराची गादी असते, वर हिरवं कापड. चेंडू आपटून परत येतो तो या रबरामुळे. एक क्लब बंद पडला तेव्हा मुलीच्या खेळासाठी मी ते टेबल घेतलं, पण आमच्या खालच्या खोलीच्या खिडकीतून येणाऱ्या पश्चिमेच्या उन्हानं त्याचं रबर लाकडासारखं वाळलं होतं. मी खिडकीला जाड पडदा लावला, रेलना रेक्झिनची झाकणं शिवून घेतली. रेलवर कुणी चहाचा कप ठेवला की ओरडायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, आता तिला अंगाईपण म्हणा."

राज्याच्या संघासाठी तिची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. तेव्हा लातूरकडचे एक मिस्त्री मिळाले. सहा दिवस खपून त्यांनी रेल नीट केल्या, नवं रबर चिकटवलं, कापड ताणलं आणि बुधवारी संध्याकाळी चारी बाजू बसवून दिल्या. मुलगी दोन दिवस मैत्रिणीकडे गेली होती. तिनं अजून एकही फटका मारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी. बायको आळंदीला बहिणीकडे गेली होती. मी कारखान्यात टूलरूमचा, म्हणजे अचूक मापाची हत्यारं बनवणाऱ्या विभागाचा, प्रमुख. घरीही माझा उंची मोजायचा हाइट गेज होता. सहज म्हणून रबराच्या धारेची उंची मोजली. ती चेंडूच्या मध्यापेक्षा सहा मिलिमीटरहून जास्त वर होती. माझ्या डोक्यात एकच हिशेब : गोल वस्तूला धक्का बरोबर मध्यावर मिळायला हवा. मिस्त्री मापात चुकला, अशी माझी खात्री झाली. त्यांना फोन करून विचारावंसंही वाटलं नाही. खालून बोल्ट सोडले, एक लांब रेल उलटी केली आणि धार मध्यावर येईपर्यंत तिचा तळ रंध्यानं काढत गेलो. दुपार गेली. रेल परत बसवली. दुसरी रेल पुढच्या गुरुवारी करू म्हणून थांबलो.

शुक्रवारी मुलीनं जोरात चेंडू मारला. त्या रेलला लागून तो उडाला आणि थेट फरशीवर. दुसरा उडाला. तिसराही.

"बाबा, हे काय करून ठेवलंय त्या माणसानं?"

मी म्हणालो, "बोलावतो त्याला." माझं खोटं इथून सुरू झालं.

मिस्त्री तासाभरात आले. एक चेंडू मारून बघितला, मग रेल काढून उलटी केली. तळावर रंध्याचे ताजे पट्टे होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"साहेब, धार मध्याच्या वरच लागती. वरून दाबती म्हणून चेंडू खाली राहतो. मध्यावर आणली की उडतो."

त्याच क्षणी मला माझी चूक कळली. बायको दारात उभी होती, मुलगी टेबलाशी.

"ही कापणी माझ्या हातची न्हाई," ते हळूच म्हणाले. "साहेब, एकदा आठवून बघा."

त्यांनी मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर घरात चार दिवस चेष्टा झाली असती, इतकंच. पण 'साहेबांचं माप म्हणजे माप' हे मी आयुष्यभर ऐकलं होतं.

"यात आठवायचं काय? काम तुमचं, रंधा तुमचा."

मुलगी रडकुंडीला आली होती. ती म्हणाली, "काका, जमत नव्हतं तर आधी सांगायचं ना! खोटं कशाला बोलता?"

मिस्त्री रेल काखेत मारून निघून गेले. तीन दिवसांनी नवी रेल करून आणली, बसवली आणि पाणीसुद्धा न घेता गेले. बायको म्हणाली, "बघा, दम दिल्यावर कसं बरोबर केलं." त्याच रेलवर सराव करून मुलीची निवड झाली.

पुढच्या आठवड्यात एका क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. आठ टेबलांचं काम मिस्त्रींना द्यायचं होतं. "माणूस कसा आहे?" मी म्हणालो, "हात चांगला आहे, पण मापात गडबड करतो." काम दुसऱ्याला गेलं. मग हळूहळू हेच बोलणं बाकीच्या क्लबांतही पोहोचलं.

मागच्या महिन्यात रबर पुन्हा बदलायला झालं. मुलगी आता बंगळुरूला मुलींना हा खेळ शिकवते. फोनवर म्हणाली, "तो खोटारडा मिस्त्री नको हं, बाबा." मी फोन ठेवला आणि मिस्त्रींचा ठावठिकाणा विचारत निघालो.

भोसरीतल्या एका लाकूडवाल्यानं पत्ता दिला. चाकणला एमआयडीसीच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री मशीनच्या पार्टसाठी खोकी बनवत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. हातोडी थांबली नाही.

"मिस्त्री, तो रंधा मी मारला होता."

"मला म्हाईत हाय की."

"माफी मागायला आलोय."

"मला सांगून काय व्हायचं साहेब? मला कवाच म्हाईत हाय." एक खिळा बसला. "ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा. आमच्या गावात माझी पोरगी बघायला आलेल्या पाव्हण्यांनीबी इचारलं, क्लबात काय झालं व्हतं म्हणून."

मी तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला. ते आता निवृत्त झालेत. सगळं सांगितलं. ते हसले, "अहो, इतक्या जुन्या गोष्टी!" मी म्हणालो, "जुन्या असू द्या. ज्यांना ज्यांना तुम्ही सांगितलंत त्यांची नावं द्या." त्यांनी चार नावं दिली. चौघांनाही फोन केले. मिस्त्री ठोकत होते, पण आता ठोक्यांमध्ये अंतर पडत होतं.

शेवटी मुलीला लावला. तिलाही सगळं सांगितलं.

"म्हणजे मी त्यांना खोटारडे म्हणाले ते…"

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे कसं, बाबा? तोंड माझं होतं." तिचा आवाज इतका कोरडा मी कधी ऐकला नव्हता. "तुमच्याशी मी नंतर बोलेन. ते तिथे आहेत? फोन द्या त्यांना."

मी फोन पुढे केला. मिस्त्रींनी हातोडी ठेवली, विजारीला हात पुसले आणि फोन घेऊन खोक्यांच्या रांगेपलीकडे गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ मी तिथेच उभा होतो. परत आले तेव्हा फोन माझ्या हातात देत म्हणाले, "पुढच्या गुरुवारी येतो रबर बदलायला. पण मी असताना तुम्ही खोलीत थांबायचं न्हाई."

मी बरं म्हणालो. मुलीचा फोन अजून आलेला नाही.