पासवर्ड ऐकलेला माणूस

आमच्या कॉम्प्युटरमधले व्हायरस काढायला कळंबहून एकजण येतो. आल्याबरोबर विचारतो, "पेनड्राइव्ह कुणी लावला?" उत्तराची वाट पाहत नाही. आम्ही पासवर्ड टाकायला लागलो की उठून अंगणात जातो.

परवा कॉम्प्युटरमध्ये हेरगिरी करणारं काहीतरी शिरलं होतं. माझे बँकेचे व्यवहार त्यावरच चालतात. ते काढून झाल्यावर खातं उघडून बघायला त्यानं मला पासवर्ड टाकायला बोलावलं. माझे हात कणकेत होते, म्हणून मी बँकेचा पासवर्ड स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितला.

तो दारात आला. "काकू, आत्ताच्या आत्ता बदला."

"तू काय परका हायेस व्हय?"

"न्हाय. पण उद्या खात्यात गडबड झाली, तर तुम्ही पहिलं माझंच नाव घेताल."

मी लगेच हात धुतले. खरंच त्याचंच घेतलं असतं.