दोन हातांची वेचणी

नाट्यगृहाच्या येत्या नृत्यहंगामाची पत्रिका आली आणि ताज्या शाईच्या वासासरशी मला माझा पहिला प्रयोग आठवला. डोणगावहून आई आली होती, लुगड्याला कपाशीची वाळकी पत्ती चिकटलेली. कमरेत वाकून, डावा हात पाठीशी ठेवून, मी तिचीच कापूसवेचणी नाचले. प्रयोगानंतर कुणीतरी विचारलं, ‘ही हालचाल सुचली कशी?’ आई शेजारीच उभी होती, तरी मी म्हणाले, ‘अशीच, मनातून आली.’ दुसऱ्या दिवशी एसटीत चढताना एवढंच म्हणाली, ‘पोरी, कापूस एका हातानं नाई वेचत कोनी. दोन्ही हात चालले पायजे.’ तेव्हापासून ही वेचणी नाचताना मी दोन्ही हात चालवते. पत्रिकेत या नाचाच्या ‘रचना’पुढे नाव मात्र याही वेळी माझ्या एकटीचंच आहे.