ग्रहणातला दोरा

हे मी आजवर कुणापुढं काढलं नाही. नवऱ्यापुढं नाही, देवापुढंही नाही — तिथं हात जोडले की भलतंच काहीतरी मागून परत येते. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला लिहून सांगते. ओळखीचे असता तर सांगितलं असतं का? न्हाई. नसतंच सांगितलं.

आमची सून सुवर्णा. लग्न होऊन आली आणि दोन महिन्यांत तिच्या तोंडावर मुरमं उठली, लाल, पिकलेली. दूध घालायला डेअरीवर गेले तर एक बाई म्हणाली, "सून आणली का मक्याचं कणीस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण लई लागलं बघा. तोंड तिचं, अन् झोंबलं मला.

माझ्या पुण्याच्या भाचीनं डॉक्टरला दाखवून मुरमाच्या गोळ्या घेतल्या होत्या, चेहरा साफ झालेला. तिच्याकडून रिकामं पाकीट मागून घेतलं आणि केडगावच्या एका मेडिकलात नेलं. दुकानदारानं ते उलटंसुलटं केलं. म्हणाला, याला चिठ्ठी लागते, आणि लग्न झालेल्या पोरीला तर मी अजिबात देत नाही. कुणासाठी पाहिजे, त्यानं विचारलं. का देत नाही, एवढं तरी मी विचारायचं की नाही? मी म्हटलं, पोरासाठी. इतकं पटकन आलं तोंडातून. त्यानं चिठ्ठीवाचूनच दिल्या.

सुवर्णाला सांगितलं, रक्त शुद्ध व्हायच्या गोळ्या आहेत, जेवण झालं की घे. घेतल्या तिनं. ओठ फुटायचे, तूप लावायची. चेहरा मात्र असा झाला — काचेसारखा. कधी कधी बघवायचं नाही. त्याच दिवसांत तिला दिवस गेले होते, ते आम्हाला उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी उरलेल्या गोळ्या मी चुलीत टाकल्या. मला काहीच ठाऊक नव्हतं म्हणावं, तर मग टाकल्या कशाला?

पाचव्या महिन्यात सूर्यग्रहण आलं. सुवर्णा दार लावून सतरंजीवर ताठ बसली, हात मांडीवर. मी शेजारीच होते. ग्रहण सुटेपर्यंत तिनं बोटसुद्धा हलवलं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मुलगी झाली, ईश्वरी. तिला कान नव्हते. दोन्हीकडं नुसती हरभऱ्याएवढी गाठ. नगरच्या डॉक्टरांनी विचारलं, दिवस गेलेले असताना मुरमाच्या गोळ्या घेतल्या होत्या का? सुवर्णा माझ्याकडं बघायला लागली — तिला काय ठाऊक, तिनं तर रक्तशुद्धीच्या घेतलेल्या. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "न्हाई हो, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा न्हाई."

घरी बाया जमल्या. कशानं झालं, काय झालं. आणि मी बोलले — माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला — ग्रहणात हिनं दोरा तोडला, मी बघितलं.

सुवर्णा रडली. तोडला नाही म्हणाली. महिन्याभरानं म्हणाली, तोडला असंल. वर्षभरात तिला आठवायला लागलं. आता पोटुशी बाई भेटली की ती आपणहून सांगते — हिरवा दोरा होता, पदराचा, दातानं तोडला, जिभेला खारट लागला. मी तिथंच बसून ऐकत असते. खरं सांगू? मलाही दिसतो आता तो. पण मी नुसतं दोरा म्हणाले होते. हिरवा रंग तिनं कुठून आणला?

दोरा नव्हता. गोळ्या होत्या. खोटं बोलून त्या मी आणल्या, मी खायला लावल्या, आणि आळ तिच्यावर घातला तोही मीच.

ईश्वरी आता सहा वर्षांची आहे. ऐकू जवळजवळ येतच नाही. तरी मी मागून आले की वळून बघते. जमिनीतून कळत असेल, पायांना. दुसऱ्या कुणासाठी वळताना मात्र मी तिला पाहिलेलं नाही.

आत्ता सुवर्णा ओट्यावर ईश्वरीची वेणी घालतीय. मघाशी तिनं विचारलं, "काय लिहिताय, आई?"

"काही न्हाई गं," मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली, फणी चालू केली. ईश्वरी तेवढी माझ्या ओठांकडं बघत राहिली. माणसाचं बोलणं ती तिथूनच वाचते.