नारू तुटला

मित्रांनो, कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच लिहितोय.

गावातली माझी कमल तुम्हाला माहीत आहे. तिच्यासाठीच मी गावी परतलो. तिच्या पायातून नारू निघाला होता. तो दोऱ्यासारखा किडा तिची आई रोज बोटभर बाहेर ओढून काडीला गुंडाळायची, अगदी हळू. आज दोघींना बैलगाडीनं हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथं औषध कंपनीचा माणूस टॉनिकच्या बाटल्या मांडून बसला होता.

"साहेब, नारूवर गोळी काहून न्हाई?" मी विचारलं.

तो हसला. "बारवेचं पाणी पिणाऱ्यांचा रोग हा. ते गोळी विकत घेणार? कंपनी काय धर्मादाय आहे?"

माझं डोकं फिरलं. "गोळी न्हाई तर न्हाई, मीच काढतो!" म्हणत मी कमलच्या पायाची ती काडीच ओढली.

"आरं, तुटंल!" तिची आई ओरडली.

तुटलाच. अर्धा आत राहिला.

संध्याकाळी पाय मांडीपर्यंत सुजला. कमल तापात आहे. पाय वाचेल का, डॉक्टर सांगत नाहीत. तिची आई मला घराचा उंबरा ओलांडू देत नाही, आणि तिचं बराबरच आहे.

कंपनीवर मी अजून चिडलोय. पण काडी माझ्या हातात होती. तुम्ही त्या माणसाला काय उत्तर दिलं असतं?